दाढ उपटत नाहीत, सैल करतात

आमच्या फोंड्याच्या मावशीची वरची दाढ जूनपासून दुखत होती. आधी लवंग, मग मीठ-पाणी, मग शेजारणीने दिलेली कसलीशी गोळी, आणि डॉक्टरचं नाव काढलं की एकच उत्तर, "चवथ जावं दी, मागीर पळोवया." (चवथ म्हणजे गणपती, गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. चवथ होऊ दे, मग बघू, असं ती म्हणाली.) चवथीला पंधरा दिवस असताना एका सकाळी गाल टम्म सुजला, पेजसुद्धा गिळवेना, तेव्हा ती तयार झाली. पण निघता निघता शेवटचा बाण सोडलाच, "वयली दाढ काडली की दोळे वतात, म्हायत आसा मरे तुका?" वरची दाढ काढली की डोळे जातात म्हणे.

ही भीती एकट्या मावशीची नाही. म्हापसा असो की काणकोण, दात काढायचा म्हटलं की शिकलेली माणसंपण अशीच वागतात, कारण खुर्चीत बसल्यावर तोंडात नक्की काय चालतं ते कोणी नीट सांगतच नाही. मी डॉक्टर नाही. माझी मामेबहीण डेंटिस्ट आहे, तिला मी त्या आठवड्यात प्रश्न विचारून विचारून हैराण केलं, आणि माझ्या स्वतःच्या अक्कलदाढेचा एक अनुभव गाठीशी आहे, त्या भांडवलावर हे लिहितोय.

दात हाडाला चिकटलेला नसतोच

सगळा गोंधळ इथून सुरू होतो. आपल्याला वाटतं दात हाडात पक्का रोवलेला असतो, म्हणजे तो काढायचा तर जोर लावून ओढायला हवा, आणि मग डोळ्यासमोर येतो तो पक्कड घेऊन छातीवर पाय ठेवणारा डॉक्टर. खरं तर दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये एक बारीक फट असते, साधारण ०.२ मिलिमीटरची, आणि त्या फटीत हजारो बारीक तंतू दोन्हीकडून बांधलेले असतात. याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात, आपण झोळी म्हणू. दात त्या झोळीत टांगलेला असतो. भातात खडा आला की दात किंचित दबल्यासारखा वाटतो ना, ती ही झोळी.

तेव्हा दात काढायचा म्हणजे ही झोळी तोडायची आणि भोवतालचं हाड जरा फाकवायचं. वईतला, म्हणजे कुंपणातला, जुना खुंट काढताना बघा, सरळ वर खेचणारा माणूस फक्त कंबर मोडून घेतो. जाणता माणूस आधी खुंट इकडे हलवतो, तिकडे हलवतो, भोक रुंद झालं की तो हाताने उचलून येतो. डॉक्टर हेच करतो. आधी हिरडी दातापासून सुटी करतो, मग एलेव्हेटर नावाचं छोट्या पटाशीसारखं हत्यार दात आणि हाड यांच्या फटीत घालून हळू फिरवतो. तंतू तुटतात, दात डुलायला लागतो. मग येतो चिमटा, आणि तोसुद्धा दाताच्या दिसणाऱ्या भागाला धरत नाही, हिरडीच्या आत मुळाला धरतो, आणि गंमत म्हणजे पहिला जोर बाहेर नाही तर आत, मुळाच्या दिशेने देतो. त्यानंतर गालाच्या बाजूला, मग जिभेच्या बाजूला, परत गालाकडे, सावकाश. गालाकडची हाडाची भिंत सहसा पातळ असते म्हणून बहुतेक दाढा त्या बाजूने येतात. वरच्या पुढच्या दातांचं मूळ गाजरासारखं एकच आणि गोल, ते थोडं पिळूनपण निघतं. खालच्या दाढेला सहसा दोन मुळं, वरच्या दाढेला तीन, त्यामुळे तिथे पिळणं चालत नाही.

चिमट्याचं तोंड प्रत्येक दातासाठी वेगळं असतं, ट्रेमध्ये ते पाच-सहा चिमटे दिसतात ते घाबरवायला ठेवलेले नसतात. दाताच्या मानेच्या आकाराप्रमाणे चिमटे घडवायची कल्पना लंडनच्या जॉन टोम्सने १८४१ च्या सुमारास मांडली, त्याआधी एकाच आकड्यासारख्या हत्याराने सगळ्यांचे दात काढायचे, आणि दाताबरोबर कधी कधी हाडाचा तुकडापण यायचा. छातीवर पाय ठेवायच्या गोष्टी त्या काळातल्या.

कधी मुळं एवढी फाकलेली असतात की दात अख्खा येणारच नाही. अशा वेळी ड्रिलने दाढेचे दोन-तीन तुकडे करून एकेक मूळ वेगळं काढतात, म्हणजे कपाट दारातून जात नसेल तर आपण दार फोडत नाही, कपाट सुटं करतो, तसंच. त्यासाठी हिरडी थोडी उघडावी लागली, टाके आले, तर त्याला सर्जिकल एक्स्ट्रॅक्शन म्हणतात आणि बिल वाढतं. हे सगळं आधी कळावं म्हणून एक्स-रे. एक्स-रे न काढता थेट चिमटा उचलणाऱ्याला मी तरी दोन प्रश्न विचारीन.

आणि तो कट्ट आवाज! मावशी बाहेर आल्यावर म्हणाली, हाड मोडलं माझं. आवाज हाडातून थेट कानात जातो म्हणून तो एवढा मोठा वाटतो, बाजूला उभ्या असलेल्या नर्सला बहुतेक वेळा काहीच ऐकू येत नाही.

सुजलेलं असताना काढतच नाहीत ना?

"आधी सूज उतरवून या" हे अर्धं खरं आहे. तोंडच उघडत नसेल तर डॉक्टर काही दिवस औषध देऊन थांबतो, बरोबर आहे. पण सूज आहे म्हणून दाढ काढायचीच नाही असा नियम नाही. समजा विहिरीत मांजर पडून मेलं, तर तुम्ही ब्लीचिंग पावडर टाकत बसाल की आधी मांजर बाहेर काढाल? किडीने दाढेच्या आतली नस मेली की तिथला रक्तपुरवठा बंद होतो, मग अँटिबायोटिक रक्तातून तिथे पोचणार कसं? गोळ्यांनी आजूबाजूची सूज ओसरते, बरं वाटतं, आपण खूष, आणि महिन्याभराने परत तेच. मावशीने जूनपासून हे दोनदा केलं होतं. मेलेली नस रूट कॅनलने साफ करा नाहीतर दाढ काढा, मांजर बाहेर आलं पाहिजे.

एक मात्र लक्षात ठेवा. सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरतेय, स्वतःची लाळ गिळता येत नाही, आवाज बदललाय, श्वासाला त्रास होतोय, ताप आहे, यातलं काही असेल तर ती दातदुखी राहिलेली नाही. पूर्ण चांगला असलेला माणूस यात एक-दोन दिवसांत श्वास कोंडून जाऊ शकतो. तेव्हा १०८ ला फोन करायचा किंवा सरळ बांबोळीला जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत, अपॉइंटमेंट वगैरे विचार नको.

आणि दुखऱ्या दाढेजवळ गालात अॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवणारे अजून आहेत, त्यांच्यासाठी, ती गोळी तिथे हिरडी भाजते. पोटात गेली तरच काम करते. लवंग बरी, तेलाचा एखादा थेंब, वाटीभर नको.

भूल लागलीच नाही, सगळं कळत होतं

ही तक्रार मी शंभरदा ऐकलीय, आणि माझीपण होती. भुलेसाठी वापरतात ते लिग्नोकेन. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेनने ते बनवलं आणि आजही बहुतेक दवाखान्यात तेच आहे. ते दुखण्याची बातमी नेणाऱ्या नसा बंद करतं, पण दाब नेणाऱ्या नसा जाड असतात, त्या पूर्ण झोपत नाहीत. म्हणजे ढकललेलं कळणार, हललेलं कळणार, टोचल्यासारखं दुखणं नाही कळणार. टोचत असेल तर डावा हात वर करायचा आणि अजून भूल मागायची, त्यात लाजायचं काय.

वरच्या आणि खालच्या दाढेची भूल वेगळी का, हे बहिणीने मला एका वाक्यात सांगितलं, "वरचा जबडा चिरा, खालचा काळा दगड." गोव्यात हे कोणालाही कळेल. चिऱ्यावर पाणी ओतलं की आत मुरतं, तसं वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असतं, दाढेशेजारी इंजेक्शन दिलं की औषध झिरपून मुळापर्यंत जातं. खालच्या दाढांजवळचं हाड घट्ट, तिथे झिरपत नाही, मग मागे जबड्याच्या कोपऱ्याजवळ जिथे मुख्य नस हाडात शिरते तिथेच औषध सोडतात. पोलावरचा फ्यूज काढला की अख्ख्या वाड्याची लाईट जाते तसं, त्या बाजूचे सगळे खालचे दात, अर्धा ओठ, बहुतेक वेळा अर्धी जीभपण बधिर. हा बधिरपणा तीन-चार तास टिकतो, तोपर्यंत जेवायला बसू नका, ओठ चावला तर कळणार नाही. लहान मुलं तर गंमत म्हणून चावतात आणि संध्याकाळी ओठ सुजलेला.

मग कधी कधी भूल खरंच का लागत नाही? पू झालेला असतो तिथला भाग आम्लधर्मी झालेला असतो, आणि आम्लात हे औषध नसेच्या आत नीट शिरू शकत नाही. म्हणजे जितकं थांबाल तितकी भूल लागायला त्रास. मावशीला दोन इंजेक्शनं जास्त लागली ती चवथीची वाट बघण्याची किंमत.

इंजेक्शननंतर छातीत धडधडलं तर त्याला लगेच रिअॅक्शन म्हणू नका. औषधात थोडं अॅड्रिनलिन असतं, त्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं, भूल जास्त टिकते, आणि हृदय दोन मिनिटं जोरात चालतं. डॉक्टरला सांगायचं मात्र नक्की.

डोळ्यांचं काय?

चेहऱ्याच्या संवेदनेची एक मोठी नस आहे, ट्रायजेमिनल, तिला तीन फांद्या. एक कपाळ आणि डोळ्याच्या भागाला, दुसरी वरच्या जबड्याला, तिसरी खालच्या. या तिन्ही फांद्या स्पर्श आणि दुखणं नेतात. दिसण्याची नस पूर्ण वेगळी, ती डोळ्याच्या मागून थेट मेंदूत जाते, तिचा दाढेशी काडीचा संबंध नाही. वरची दाढ ठणकते तेव्हा डोळ्यापर्यंत कळ जाते, ती या शेजारच्या फांद्यांमुळे, म्हणून लोकांनी दोन गोष्टी जोडल्या. शिवाय ज्या वयात दाढा काढायची वेळ येते त्याच वयात चाळिशीचा चष्मा लागतो, मोतीबिंदू येतो. दाढ काढली आणि सहा महिन्यांनी पेपर धूसर दिसायला लागला की दोष कोणाला? दाढेला.

उलट आहे बरं का. वरच्या दातातला पू क्वचित वर चढून डोळ्याच्या खोबणीपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे डोळ्याला धोका असलाच तर सडकी दाढ ठेवण्यात आहे. हे मावशीला सांगितल्यावर ती गप्प झाली, पटलं म्हणून की माझ्या तोंडी लागायचं नाही म्हणून, ते माहीत नाही.

वरच्या दाढेचा खरा शेजारी डोळा नाही, सायनस आहे. गालाच्या हाडातली ही हवेची पोकळी, आणि मागच्या दाढांची मुळं कधी कधी तिच्या तळाला टेकलेली असतात. दाढ निघाल्यावर तिथे भोक पडलं तर पाणी पिताना नाकातून येतं. छोटं असेल तर आपोआप भरतं, मोठं असेल तर टाके घालून बंद करतात. म्हणून वरची दाढ काढल्यावर काही दिवस नाक जोरात शिंकरू नका सांगतात.

दाढ निघाली, आता काम तुमचं

इथे जरा थांबतो, कारण लोक सगळा धसका चिमट्याचा घेतात आणि खरी गडबड घरी आल्यावर करतात. मीपण केली.

दाढ निघाली की राहतो खड्डा. तो रक्ताने भरतो, रक्त गोठतं, लालभडक जेलीसारखी गुठळी होते. ही गुठळी म्हणजे गुडघ्यावरची खपली समजा, फरक एवढाच की ही खपली ओली आहे आणि तोंडात आहे, जिथे जीभ, लाळ, जेवण सगळ्यांची ये-जा. तिच्याखालीच नवीन मांस आणि नंतर हाड तयार होणार. ती गेली तर खाली उघडं हाड. याला ड्राय सॉकेट म्हणतात.

माझी खालची अक्कलदाढ काढली त्या दवाखान्याने (नाव नको) सूचनांचा इंग्रजी कागद फायलीत घालून दिला आणि पुढचा पेशंट आत घेतला. तोंडी एक अक्षर नाही. मी घरी आलो, थंड काहीतरी घ्यावं म्हणून आडसर (शहाळं) आणलं, आणि मस्त स्ट्रॉ लावून ओढलं. स्ट्रॉने ओढताना तोंडात जो खेच तयार होतो ना, तोच गुठळीला उचलतो. वर तोंडात रक्ताची चव म्हणून दर दहा मिनिटांनी बेसिनवर जाऊन थुंकत होतो. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या रात्री जे दुखायला लागलं ते कानापर्यंत, दाढ होती तेव्हाही एवढं नव्हतं, आरशात बघितलं तर खड्डा रिकामा, तळाशी पांढुरकं हाड, आणि तोंडाला असा वास की मलाच मळमळलं. दुसऱ्या दिवशी बहिणीने खड्डा धुवून लवंग तेलाच्या औषधाची पट्टी भरली आणि अर्ध्या तासात मी माणसात आलो.

साध्या दाढेत हे शंभरातल्या दोन ते पाच जणांना होतं, खालच्या अक्कलदाढेत प्रमाण बरंच जास्त, काही अभ्यासांत तीसपर्यंत. सिगारेट ओढणाऱ्यांना आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना शक्यता अजून वाढते. ओळखायची खूण सोपी. साधं दुखणं दिवसागणिक कमी होतं, हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलटं वाढतं.

म्हणून मावशीला आम्ही मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावलं. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धर, मध्ये मध्ये काढून बघू नकोस. थुंकायचं नाही, लाळ गिळ, लाळेत एक थेंब रक्त मिसळलं तरी ग्लासभर रक्त गेल्यासारखं दिसतं. पहिले चोवीस तास चूळ नाही, त्यानंतर कोमट मीठ-पाणी, तेही जोरात खुळखुळवायचं नाही, तोंडात धरून सोडून द्यायचं. गार पेज, मऊ शीत (भात), दही. गरम चहा त्या दिवशी नाही, इथे सगळ्यात जास्त भांडण झालं. मिशेरी तर आठवडाभर बंद. तरी बोळा काढल्यावर रक्त थांबत नसेल तर नवीन बोळा परत अर्धा तास, आणि त्यानेही थांबलं नाही तर डॉक्टरला फोन.

हिरडी वरून बंद व्हायला तीन-चार आठवडे, आत हाड भरायला तीन ते सहा महिने. खड्डा दिसतो म्हणून घाबरू नका, आणि टूथपिकने त्यातला कचरा काढायला तर अजिबात जाऊ नका.

शुगर आहे, रक्त पातळ व्हायची गोळी आहे, मग?

मावशी रोज अॅस्पिरिनची छोटी गोळी घेते. रक्त जास्त जाईल म्हणून तिने कोणालाही न विचारता चार दिवस आधीच ती बंद केली होती. डॉक्टर पहिल्यांदा चिडले ते यावर. "बाई, दाढेतून येणारं रक्त मी बोळा दाबून थांबवीन, हृदयात झालेली गुठळी मी कशी काढू?" एखादी दाढ काढायला अॅस्पिरिन सहसा बंद करत नाहीत. वॉरफरिन घेणाऱ्यांना एक-दोन दिवसांतला आयएनआरचा रिपोर्ट मागतात, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, आणि तो मर्यादेत असेल तर गोळी चालू ठेवूनच काढतात. बंद करायची की नाही हे ज्याने गोळी दिली त्याने ठरवायचं, शेजारणीने नाही.

शुगर ताब्यात असेल तर दाढ काढता येते. सकाळी नेहमीसारखं खाऊन, गोळी घेऊन जायचं, उपाशी गेलात तर खुर्चीतच चक्कर येईल. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून अॅलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट चालू असेल, कधी तोंडा-गळ्याला रेडिएशन झालं असेल, हृदयाची झडप बदललेली असेल, तर हे तिथे पहिल्या वाक्यात सांगायचं. पहिल्या दोघांत जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, तिसऱ्यात तासभर आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. गरोदर बाईसाठी मधले तीन महिने सगळ्यात सोयीचे, पण सूज-पू असेल तर केव्हाही काढतात.

मग सरळ काढूनच टाकू, रूट कॅनलला खर्च कशाला?

हा प्रश्न पैशाचा आहे आणि मी त्याला नाक मुरडणार नाही. खाजगीत परवडत नसेल तर बांबोळीला गोवा डेंटल कॉलेज आहे, १९८० पासूनचं, गर्दी असते, विद्यार्थी हात लावतात म्हणून काहींना नको वाटतं, पण मागे शिकवणारे उभे असतात आणि घाई नसते.

दाढ वाचण्यासारखी असेल तर वाचवा असं मी म्हणेन, कारण रिकामी जागा रिकामी राहत नाही. मागची दाढ पुढे झुकते, समोरच्या जबड्यातली दाढ चावायला जोडीदार नाही म्हणून हळूहळू लांबते, आणि फटीत अन्न अडकून शेजारचा चांगला दात किडतो. हाडपण झिजतं, एका वर्षात तिथली रुंदी जवळजवळ निम्मी होऊ शकते, त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांत. नंतर इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर दात, बसवायचं म्हटलं तर बसवायला हाडच कमी. अक्कलदाढेचं वेगळं, तिच्या मागे कोणी नसतं, ती गेल्याने काही अडत नाही. पण त्रासच देत नसलेली अक्कलदाढ उगाच काढायचीपण गरज नाही.

मावशीची दाढ वाचण्यापलीकडे गेली होती. डॉक्टरांनी ती ट्रेमध्ये धरून दाखवली, तिवईसारखे तीन पाय, एका पायाच्या टोकाला पुवाची वाटाण्याएवढी पिशवी लोंबकळत होती. मावशीने ती कागदात गुंडाळून मागून घेतली आणि घरी येऊन देवळीत ठेवली, का ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. चवथीला तिने दुसऱ्या बाजूने चावत चार नेवऱ्या (करंज्या) खाल्ल्या, डोळे शाबूत, आरतीचं पुस्तक चष्मा लावून वाचत होती. त्या रिकाम्या जागी ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) करायचा की इम्प्लांट, यावर बहिणीने तिला अर्धा तास समजावलं. मावशीने सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाली, "दिवाळी जावं दी, मागीर पळोवया."